औशाजवळच्या शिवारात कारवानी कुत्री सापडली आहे, पुढं काय करावं?

शिवारकर (औसा, जि. लातूर)

नमस्कार मंडळी. गेल्या शुक्रवारी सोयाबीनच्या बनमीवरची (कापून रचलेल्या ढिगावरची) ताडपत्री काढायला गेलो, तर बुडाशी एक कुत्री अंग चोरून पडलेली दिसली. कारवानी, म्हणजे आपल्याकडची पळणारी शिकारी जात, आहे यात शंका नाही. तोंड लांबोडकं, पोट पाठीला लागलेलं, पाय उंच, शेपूट दोरीसारखी. रंग बदामी, छातीवर पांढरा ठिपका. गळ्यात नायलॉनची दोरी होती, टोक दातांनी कुरतडून तोडलेलं. दोरीखालचं कातडं सोललंय. कानांच्या आत गोचीड इतके की मोजता येत नाहीत. मागच्या उजव्या मांडीवर रुपयाएवढे दोन गोल डाग आहेत, तिथं केसच नाहीत. तो पाय जरा उचलून चालते.

भाकरी टाकली तर आधी माझ्याकडं बघितलं, मग तुकडा उचलून धुऱ्यापर्यंत नेला आणि तिथं बसून खाल्ला. तीन दिवसांत एकदाही भुंकली नाही.

आई म्हणते, दारी आलेल्या जिवाला हाकलू नये. वडील म्हणतात, आपल्या चार शेळ्या आहेत, कारवानी जात आहे, एखाद्या दिवशी करडू धरल. गावात बातमी पसरली आणि पाच जण मागायला येऊन गेले. एक जण दोन हजार देतो म्हणाला. एकानं तर माझीच आहे म्हणून सांगितलं, पण छातीवर काय खूण आहे विचारल्यावर गप्प बसला.

कुणाला द्यावी? का ठेवून घ्यावी? बरगड्या दिसायलेत, खायला काय घालावं? दोरी कापताना पुतण्याच्या हाताला तिचा दात लागला, थोडं रक्त आलं होतं. हळद दाबून लावली आहे. जाणकारांनी सांगावं.

तेरणाकाठ (धाराशिव)

भाऊ, कुत्री किती वर्षांची असेल? माझ्याकडं चांगल्या रक्ताचा नर आहे, काळा, उंचीला भरपूर. तुमची कुत्री माजावर आली की जोड लावू. मी नीट सांभाळीन, आणि पहिल्या वेताचं एक पिल्लू तुम्हाला. पैसेही देतो. फोटो टाका.

उदगीरच्या बाई

शिवारकर भाऊ, आधी पुतण्याचं बघा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. हळद धुऊन काढा. नळाखाली हात धरून साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या. रक्त आलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर जखमेच्या जागी द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं. कुत्री शहाणी दिसते, शांत बसते, म्हणून थांबू नका. रेबीज एकदा अंगात उतरला की त्याच्यावर औषध नाही. ठरलेल्या सगळ्या तारखांना लस घ्या, एकही चुकवू नका. कुत्रीला दहा दिवस नजरेसमोर ठेवा, पण ते दहा दिवस संपायची वाट बघत लस लांबवू नका.

आता कुत्रीबद्दल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे. उदगीर-देवणी भागात आम्ही पाच जण मिळून नऊ वर्षं कारवानी आणि पश्मी (कारवानीचाच लांब केसांचा प्रकार) कुत्र्यांना घरं शोधून देतो. आमच्यात एकाचं मेडिकल आहे, एक टेम्पो चालवतो, दोघं पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलेली पोरं आहेत. माझ्या वहीत आजवर ४१ कुत्र्यांची नोंद आहे. त्यातल्या किमान निम्म्यांच्या अंगावर तुम्ही लिहिलेत तसे डाग होते.

त्या डागांचा अर्थ सांगते. कुत्रं लंगडायला लागलं की तापलेल्या लोखंडानं डाग देतात, बैलाला देतात तसा. लचक भरलेली असेल तर पाय विश्रांतीनं सुटतो, लोकांना वाटतं डागानं सुटला. सांधा गेला असेल किंवा हाड नीट जुळलं नसेल तर पाय तसाच राहतो. मग ते कुत्रं शर्यतीच्या कामाचं नसतं, सशाच्या मागं जायच्याही कामाचं नसतं. (ससा, हरीण, काळवीट मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पण रात्रीची बॅटरी घेऊन माळावर जाणारे अजून आहेत.) अशा कुत्र्याला कुणीतरी गाडीत घालून वीस-तीस किलोमीटर लांब सोडून येतं. तुमची कुत्री बांधलेली होती आणि दोरी तोडून आली, म्हणजे बहुतेक कुणी शेतात बांधून निघून गेलं. हा माझा अंदाज आहे. तरीही ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात एक लेखी अर्ज देऊन ठेवा, पोच घ्या. खरा मालक असेल तर पुढं येईल, आणि उद्या कुणी चोरीचा आळ घेतला तर तुमच्या हातात कागद राहील. अर्जात छातीवरचा ठिपका आणि मांडीवरचे डाग लिहू नका. ती खूण जो न विचारता सांगेल त्याचंच ऐकायचं. तुमच्याकडं आलेल्या त्या माणसाला तुम्ही बरोबर पकडलंत.

बरगड्यांचं विचारलंत. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पाहिजेत, ती जातच तशी आहे. लोक आमच्या चांगल्या पोसलेल्या कुत्र्यांकडं बघूनही म्हणतात, बाई उपाशी मारायलात काय. उपासमार बघायची ती कमरेच्या दोन हाडांत आणि पाठीच्या कण्यावर. कण्यावरून हात फिरवा. जपमाळेसारखे मणी एकेक हाताला लागले आणि कमरेच्या हाडांमध्ये खड्डा पडला असेल, तर ती भुकेली आहे. अशा कुत्रीला दया येऊन एकदम परातभर खाऊ घालू नका. उपाशी पोटाला ते सोसत नाही, जीवही जाऊ शकतो. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून किंवा दहीभात, मूठ-दोन मूठ, दिवसातून पाच-सहा वेळा. चार दिवसांनी उकडलेलं अंडं, मग बिनमसाल्याचं चिकन. पाणी कायम भरलेलं. तापाची माणसांची गोळी चुकूनही देऊ नका.

हिरड्या बघा. ओठ वर करून अंगठ्यानं हिरडी दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी व्हायला हवी. मुळातच पांढुरक्या असतील तर गोचिडांनी रक्त प्यायलंय, शिवाय गोचीड तापही असू शकतो. गोचीड हातानं ओढत बसू नका, रॉकेल तर अजिबात लावू नका. डॉक्टर वजन करून औषध देतील. उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तुम्हाला उदगीर जवळ. रक्त तपासायला सांगा.

आता कुणाला द्यायची ते. तेरणाकाठ दादा, तुमच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही, पण तुम्ही पहिला प्रश्न वयाचा विचारलात आणि दुसऱ्याच ओळीत जोड लावायची बोललात. गळ्याची जखम विचारली नाहीत. मी वहीत एक रकाना ठेवलाय, मागायला आलेल्या माणसानं पहिला प्रश्न काय विचारला तो तिथं त्याच्याच शब्दांत लिहिते. "किती पळतं?" "पेपर आहेत का?" "पिल्लं देईल का?" हे तीन सगळ्यात जास्त. "रात्री कुठं झोपतं?" असं विचारणारे नऊ वर्षांत सात. त्या सातही घरांत कुत्री आजपर्यंत नीट आहेत किंवा म्हातारी होऊन तिथंच गेली.

हे शहाणपण मला एका कुत्रीच्या जिवावर आलंय. तिचं नाव हरणी. मी ती नसबंदी न करता एका बागायतदाराला दिली. माणूस गोड बोलणारा, अंगण सारवलेलं, दारात तुळस. ऑपरेशन आम्ही करून घेतो म्हणाले आणि मी हो म्हटलं. चौदा महिन्यांनी त्या गावाला लग्नाला गेले म्हणून सहज घरी डोकावले. हरणी गोठ्यामागं दीड हाताच्या साखळीला होती. दोन वेतं झाली होती, आचळं जमिनीला लागत होती, आणि कमरेच्या त्या दोन हाडांमध्ये माझी मूठ बसली असती. पिल्लं विकून झालेली. मला बघून उठली नाही, फक्त शेपटीचं टोक हललं. कुत्री घेतल्याशिवाय उठत नाही म्हणून मी ओसरीवर बसले, संध्याकाळ झाली तेव्हा त्यांनी साखळी सोडली. लग्नातलं जेवायची राहिले. हरणी पुढं माझ्याचकडं राहिली, गेल्या श्रावणात गेली. ती चूक त्या माणसाची होती तेवढीच माझी होती. तेव्हापासून एकही कुत्रं नसबंदीशिवाय आमच्या हातून गेलेलं नाही, आणि जाणार नाही.

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना कारवानी आहे हे आधी सांगा. या कुत्र्यांच्या अंगात चरबी नसते, भुलीची काही औषधं त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. थायोपेंटोनसारख्या औषधानं ती तासन् तास शुद्धीवर येत नाहीत. डॉक्टरांना हे माहीत असतं, पण धुळीनं माखलेली रोड कुत्री टेबलावर आली की जात लक्षात येईलच असं नाही. गोचीड तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून आधी ताप बरा करा, मग ऑपरेशन. गाभण नाही ना हेही तपासून घ्या.

आणि गळपट्टा. कारवानीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, साधा पट्टा मागं ओढला की कानांवरून सर्रकन निघतो. २०१९ च्या डिसेंबरात काळ्या नावाच्या कुत्र्याला नांदेडला पोहोचवायला निघाले होते. अहमदपूरच्या पुढं एका ढाब्यावर पाणी पाजायला दार उघडलं. काळ्या हरभऱ्यातून निघून गेला आणि माझ्या हातात नुसता पट्टा राहिला. दोन दिवस आम्ही त्याच्या मागं पळालो, हाका मारल्या, मोटारसायकली घातल्या. घाबरलेल्या कारवानीच्या मागं धावलं की ते आणखी लांब जातं. तिसऱ्या दिवशी एका मेंढपाळानं सांगितलं, बाई, आता पळू नका, जिथनं गेलंय तिथंच बसा. काळ्याचं पोतं ढाब्यावर गाडीच्या दारापाशी अंथरलं, शेजारी भाकरी ठेवली आणि मी पाठ करून बसले. चौथ्या दिवशी पहाटे माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. मी वळले नाही, तो पोत्यावर बसेपर्यंत तशीच राहिले.

तेव्हा आता दोन पट्टे, एक गळ्याला आणि एक छातीला, दोन्हींना दोरी. गळ्याला जखम आहे तोवर नुसता छातीचा, पण तो ओढून बघा.

शेळ्यांचं तुमच्या वडिलांचं म्हणणं खरं आहे. त्यावर इथं कुणी धनगर-मेंढपाळ घरातले असतील तर त्यांनी लिहावं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बालाघाट

बाईंनी बोलवलं म्हणून लिहितो. आमच्या आज्याकडं मेंढराबरोबर दोन कारवानी कायम असायचे. आज्याचं म्हणणं, कारवानी डोळ्यानं शिकार करतंय, नाकानं नाही. समोरचं पळालं की त्याच्या पायाला थांबणं माहीत नाही. पिल्लू असल्यापासून कोकरात वाढलेलं असलं तर कोकराला हुंगून सोडतंय. मोठेपणी आलेलं, त्यातून सशावर सोडलेलं असलं तर भरवसा नाही. त्यात त्याचा दोष नाही भाऊ.

तुमची शेळी उभी असली तर ती बघत बसल. करडू उड्या मारत निघालं की मान ताठ होईल, कान मागं जातील, थरथर सुरू होईल. हे दिसलं की समजायचं. बांधून जवळ बसवा आणि एवढंच बघा. दोन-तीन दिवसात कळतंय. कोंबड्या असल्या तर विचारूच नका.

आणि हो, थंडी सुरू झाली आहे. यांच्या अंगावर केस कसले, रेशमासारखे. आज्या रात्री त्यांना घोंगड्यात घ्यायचा.

तेरणाकाठ (धाराशिव)

बाई, वाईट वाटलं पण राग नाही. एक मात्र विचारतो. सगळ्या सापडलेल्या कुत्र्यांची नसबंदी करत गेलात तर ही जात उरणार कुठं? कर्नाटकातल्या मुधोळ कुत्र्याचं नाव झालं, टपाल तिकिटावर आलं, लष्करानं घेतलं. आपल्याकडच्या कारवानीला कोण विचारतं? आमच्यासारख्यांनी पिल्लं केली नाहीत तर दहा-वीस वर्षांनी फक्त फोटोत बघायची.

उदगीरच्या बाई

दादा, हा प्रश्न मनापासून विचारलात, म्हणून नीट उत्तर देते.

मुधोळ आणि कारवानी यांत मी फार भेद करत नाही. तिकडं बागलकोट जिल्ह्यात मुधोळ म्हणतात, आपल्याकडं कारवानी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली म्हणून ते नाव रुजलं. २००५ च्या टपाल तिकिटावरही मुधोळ हाउंडच लिहिलंय. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं आईबापांच्या नोंदी ठेवून पैदास होते. आपल्याकडंही माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शनाला जी घराणी येतात, त्यांच्यातले कित्येक चार पिढ्यांची नावं तोंडपाठ सांगतात. जात टिकणार ती अशा लोकांमुळं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझ्या ओळखीचे एक काका वर्षाआड एकच वेत घेतात आणि दिलेलं पिल्लू नको झालं तर परत आणून द्या असं बजावतात. त्यांच्याकडचं एकही कुत्रं माझ्या वहीत नाही.

पण औशाच्या या कुत्रीचे आईबाप कोण, पाय पडल्यानं गेला का जन्मानं अधू आहे, कुणाला माहीत नाही. तिच्या पिल्लांनी जात कशी टिकेल? ती सहा-सात पिल्लं पाच-पाच हजाराला जातील, त्यातली जी पळणार नाहीत ती पुन्हा कुठल्यातरी बनमीच्या बुडाशी सापडतील. दादा, तुमच्या नराला सोबत हवी असेल तर माझ्याकडं नसबंदी झालेली एक पश्मी आहे, कानांवर लांब रेशमी केस, फार गुणी. उदगीरला येऊन बघा. त्याआधी तुमचं घर बघायला मी येईन.

शिवारकर (औसा, जि. लातूर)

उशिरा लिहितो, माफ करा. पुतण्याची सगळी इंजेक्शनं झाली. हाताच्या जखमेतही दिलं, पोरगं रडलं नाही.

कुत्रीच्या हिरड्या पांढऱ्याच होत्या. उदगीरला नेलं, गोचीड ताप निघाला, महिनाभराच्या गोळ्या दिल्या. मांडीचं हाड मागं कधीतरी मोडून वाकडं जुळलंय, आता काही करता येणार नाही पण दुखत नाही म्हणाले. गाभण नव्हती. मालक म्हणून खूण सांगणारा कुणी आला नाही.

बालाघाट दादांनी सांगितलं ते करून बघितलं. शेळ्यांकडं शांत होती. करडू उडालं तशी अगदी तुम्ही लिहिलं तशीच मान झाली, अंग थरथरलं. वडील काही बोलले नाहीत, त्यांनीच तिला उचलून घरात नेलं. एवढे दिवस तिला लांबच ठेवणारा माणूस. पण ठेवता येत नाही हे आम्हाला सगळ्यांना तेव्हाच कळलं. आईनं तिचं नाव बदामी ठेवलंय. बाई, तुमच्याकडं कुणी आहे का?

उदगीरच्या बाई

आहे. निलंग्याचं एक जोडपं आहे, दोघंही नोकरीतून मोकळी झालेली, मुलं पुण्याला. घराभोवती सहा फुटांची भिंत, कोंबडी-शेळी नाही. त्यांचा आधीचा कारवानी दिवाळीत म्हातारा होऊन गेला. ताईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा: "तिला जिना चढता येईल का? नाहीतर आम्ही खाली झोपायला येतो." वहीत लिहून ठेवलाय.

गोळ्या पूर्ण होऊ द्या, रक्त पुन्हा तपासू, मग ऑपरेशन, टाके निघाले की मी टेम्पो घेऊन येते. आईंना सांगा, हवं तेव्हा जाऊन भेटता येईल, तशी अटच आम्ही घालतो.

शिवारकर (औसा, जि. लातूर)

काल बदामी निलंग्याला पोहोचली. बाईंनी सांगितलं तसे दोन पट्टे, दोन दोऱ्या, गाडी मध्ये कुठंही उघडली नाही. मी आणि वडील दोघं गेलो होतो. गळ्याची जखम भरली, तिथं केस यायलेत, पांढरे आलेत.

घरात शिरल्यावर तिनं आधी सगळ्या खोल्या हिंडून घेतल्या. काकूंनी भाकरी दिली तर तोंडात धरून अंगणाच्या कोपऱ्यात निघाली, अर्ध्यात थांबली, परत आली आणि आमच्या पायाशी बसून खाल्ली.

जिना चढली नाही. काकांनी पलंग खाली आणला आहे.

आईनं तिच्या जुन्या लुगड्याची वाकळ दिली होती बरोबर, बदामी महिनाभर त्यावरच झोपायची. काकू धुऊन परत पाठवतो म्हणाल्या. काकूंपर्यंत पोचवा बाई, आई म्हणते धुऊ नका आणि परतही पाठवू नका, तिला वास राहू द्या.